बिअरला जाणारी कनकी

आमच्या तुमसरच्या राइस मिलवर कनकी घ्यायला आलेला एक माणूस ती तोंडात टाकून चावतो, हे बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना तो वेडा तरी वाटला असावा, नाहीतर लबाड. कनकी म्हणजे धान भरडताना तुटलेला तांदूळ. ती घेणारी माणसं ठरलेली असत. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, नळीतून घरंगळलेली कनकी तळहातावर घ्यायची, फुंकर मारून कोंडा किती उडतो ते पाहायचं, की सौदा झाला. हा माणूस मात्र मूठ नाकाशी धरून उभा राहिला. मग चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून चावू लागला.

"भाऊ, जेवासाठी ताट आणू काय?" बाबा म्हणाले. हमाल हसले.

तो हसला नाही. तोंडातलं बाजूला थुंकून म्हणाला, "काकाजी, या थप्पीतली नको. हिला वास आहे."

"कनकीले कायचा वास?"

"खवट वास. वरची पोती नवीन आहेत, पण खालची मागच्या सालची वाटतात."

खालची पोती मागच्या सालचीच होती. बाबांनी ती मुद्दाम खाली ठेवली होती, की हमालांनी आळसाने तशी रचली होती, हे मला अजून ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून बाबा त्याच्यावर डोळा ठेवू लागले आणि तो आमच्या प्रत्येक पोत्यावर. दोन्ही बाजूंनी संशय धरूनच आमचा व्यवहार सुरू झाला.

तो माणूस पुढे माझा नवरा झाला. गेल्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून मी हे लिहिते आहे. एक परिच्छेद लिहून होतो आणि मग कित्येक दिवस पुढचं वाक्य सुचत नाही. सुचलं तरी ते खरं आहे का, हे विचारायला आता ते समोर नाहीत.

सत्तरच्या दशकाची ती अखेरची वर्षं. मी भंडाऱ्याला बी.ए. करून घरी बसले होते. घरी बसणं म्हणजे वाचनालयातून पुस्तकं आणणं, परत करणं, आणि मिलवर कोणी आलं की आतून चहा पाठवणं. ते परगावच्या एका बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते आणि कनकी निवडण्यासाठी दिवाळीनंतर नवीन धान उतरलं की तुमसरला फेरी करत. ही कनकी बिअरसाठी जाते, हे त्यांनी दुसऱ्या फेरीत बाबांना सांगितलं. विचारल्यावर सांगितलं. आपण होऊन काही सांगायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

त्या दिवशी घरात सुतक आल्यासारखं झालं. आईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे आपल्या घरची लक्ष्मी नेऊन सडवून राहिले का हे लोक?"

"कोंबड्याईले नेते म्हणून समज," बाबा म्हणाले.

"कोंबड्या पिऊन लोळत नाही."

 तरी बाबांनी कनकी देणं बंद केलं नाही. फक्त ते पोरगं आलं की आई चहात साखर कमी घालू लागली.

मला राहवलं नाही. तिसऱ्या की चौथ्या फेरीला मी ओसरीच्या दारात उभी राहून विचारलं, "तांदूळ कशाला लागतो बिअरला? ती तर जवाची असते ना?"

ते दचकले. त्यांना मिलवर कोणी असा प्रश्न विचारला नसावा. माझे मामा तेव्हा खाटेवर बसून पान जमवत होते. मामा म्हणजे घरातला चौकशीचा माणूस. कोणाच्याही सोयरिकीत खोट काढायची असली की त्यांना पाठवत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर ते सावकाश देऊ लागले. बिअरच्या दोन मोठ्या जाती आहेत, एल आणि लागर. दोन्हींत मोड आणलेले, मग भाजलेले जव असतात. फरक पडतो तो आंबवणाऱ्या खमिराने. एलचं खमीर उबेत काम करतं, वर चढतं, पिठाच्या गोळ्यासारखा जाड फेस धरतं आणि थोड्या दिवसांत मोकळं होतं. तिला पिकल्या फळासारखा वास येतो. लागरचं खमीर थंडीत काम करतं, हळू करतं आणि तळाशी बसतं. त्यानंतरही ती बर्फासारख्या गारव्यात कित्येक आठवडे नुसती ठेवून द्यावी लागते. त्या नावाचा मूळ अर्थच ठेवून देणं. आपल्याकडे बाटलीवर बिअर लिहिलेलं असतं ती जवळजवळ सगळी लागर. एल पूर्वी साहेब लोक पीत, आता कोणी विचारत नाही.

"अन् काळी असते ते?" मामांनी विचारलं.

"रंगाचा संबंध नाही, मामाजी. जव किती भाजले त्यावर रंग. काळी लागर असते, पिवळी एलही असते."

"आणि कनकी?" मी विचारलं.

"कनकीने लागर हलकी होते, स्वच्छ लागते. म्हणून तर मी वास घेतो. एलमध्ये बारीकसारीक दोष तिच्या स्वतःच्या वासात झाकले जातात. लागरमध्ये लपवायला जागा नाही. एक पोतं खवट गेलं तर पिणाऱ्याला कळतं."

लपवायला जागा नाही, हे वाक्य मला आवडलं होतं. त्याच क्षणी मला असंही वाटलं होतं की असं वाक्य बोलणाऱ्या माणसाने आधी कुठेतरी त्याची तयारी केली असेल. पुस्तकं वाचणाऱ्याला ही सवय लागते. चांगलं वाक्य ऐकलं की ते कुठून उचललं असेल, हे तो शोधू लागतो.

मामांना वेगळंच वाटलं होतं. पाहुणे गेल्यावर मामा बाबांना म्हणाले, "जावईबापू, हा पोरगा साधा नाही. ऐकलं का? थंडीत ठेवून ठेवून बनवते म्हणे."

"मग?"

"मग काय! मोहाचा सडवा उन्हाळ्यात लवकर होते, पण हिवाळ्यात जास्त दिवस राहते, अन् जितका राहते तितका डोक्यात चढते. हे तं महिना महिना ठेवतात. म्हणजे किती जहर असन ते!"

हा हिशेब आमच्याकडे कोणालाही पटला असता. मोहाची फुलं भिजवून सडवायची, मग ती गाळायची, हे आमच्या भागात न पिणाऱ्यालाही माहीत असतं. सडवा जास्त मुरला की दारू कडक, ही तिथली समजूत. बिअरला ती लागू नाही. ती किती कडक होते हे त्यातल्या गोडव्यावर ठरतं, दिवसांवर नाही. पण हे मला पुढे लग्नानंतर कळलं. तेव्हा आमच्या घरात लागर म्हणजे अतिजहाल काहीतरी आणि ती बनवणारा माणूस वरून थंड दिसणारा, हे पक्कं झालं.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात त्यांच्याकडून माझ्यासाठी मागणी आली.

मध्यस्थ आला तेव्हा कळलं की ते आमच्याच जातीतले आणि मूळचे आंधळगावचे. आईवडील तिथे धान करतात, हे बाबांना इतक्या फेऱ्यांत माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. यावरून संशय आणखी वाढला. मामा एसटीने आंधळगावला गेले, तिथल्या चौकात, सोसायटीत, न्हाव्याकडे बसले आणि परत आले ते चेहरा लांब करून.

"घर चांगलं हाये. मायबाप गरीब गाय. पोराले मारामारी नाही, पत्ते नाही. पण..."

"पण काय?" बाबा.

"गावाबाहेर एक बाई मोहाची काढते. हा गावी आला का तिच्या मडक्याजवळ जाऊन बसते."

आईने कपाळाला हात लावला.

"पेते?"

"पेत नाही म्हणतात. त्या सडव्यात काचेची कांडी बुडवते, वर धरून पाहते, अन् कायतरी पुटपुटते. ते बाई म्हणे, मले वाटलं मंत्र घालून राहिला, मी तं ते मडकं फेकून देल्लं."

मला हसू आलं. तापमान मोजायची नळी असणार. पण हसून झाल्यावर मलाही वाटलं, ज्याला दुसऱ्याच्या मडक्यातली ऊब किती आहे हे जाणून घ्यायची इतकी ओढ आहे, त्याला नुसती ऊबच पाहायची असते का? मामा म्हणाले तेही मला पटत होतं: "कांडी बुडवते तं जीभ काहून नाही बुडवत?"

त्यांना बोलावून विचारायचं ठरलं. आमच्याकडे साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी मुलाला असं समोर बसवून विचारणं काही नवीन नव्हतं. ते आले, पाणी प्यायले, आणि मामांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"तुमी घेता काय?"

"चाखतो. माझं काम आहे ते."

"चाखून थुकता ना?"

"नाही."

"नाही?"

"बिअरचा कडूपणा घशात कळतो, मामाजी. थुंकली तर अर्धंच काम होतं. गिळावी लागते."

 मग मामा बाबांकडे वळून म्हणाले, "जनम गेला माहा, पण कामासाठी पेणारा पह्यल्यांदा पाहून राहिलो. आमच्या गावात तं काम विसरासाठी पेतात!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी आतून तांदूळ मागवला. आमच्या घरात मोठी शपथ तांदळावर होत असे. मुठीत नव्या धानाचा तांदूळ घ्यायचा, देवघराकडे तोंड करायचं आणि बोलायचं. धान करणाऱ्या कुटुंबातला माणूस तांदूळ हातात घेऊन खोटं बोलत नाही, असा बाबांचा विश्वास होता.

"लग्न झाल्यावर एक थेंबही गिळणार नाही, एवढं म्हणा. कारखाना सोडा म्हणत नाही मी."

आईने वाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मूठ भरली. मी दाराआड होते, मला त्यांचा हात दिसत होता. हात देवघराकडे गेला, मग थांबला, आणि हळूच नाकाकडे आला.

"काकाजी," ते म्हणाले, "हा तांदूळ जुना आहे."

"बहाणा!" मामा उठून उभे राहिले. "पाहा, बहाणा करून राहिला!"

"नव्याची शपथ म्हणालात म्हणून सांगतो. हा नवा नाही."

बाबांनी वाटी उचलली, वास घेतला. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, त्यांना एका श्वासात कळलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "अजून आपल्या घरी नवं कुठं झालं?" म्हणजे नव्या तांदळाचा भात देवापुढे ठेवून मग घरात खायचा, तो कार्यक्रम व्हायचा होता. पण ते कारण पुरतं खरं नव्हतं. रात्री जेवताना आई मला म्हणाली, "मी मुद्दाम जुना देल्ला. उद्या यानं शपथ मोडली तं नव्या धानाले दोष लागन. सालभराचं अन्न हाये ते."

म्हणजे आईला तो शपथ मोडेल याची खात्री होती, आणि तरीही ती लग्नाला नाही म्हणत नव्हती. तिचा संशय पोरापेक्षा धानाची काळजी करणारा होता.

बैठकीत तेव्हा त्यांनी मूठ वाटीत रिकामी केली. "नवा असो की जुना, ही शपथ मी घेणार नाही. मला गिळावी लागणार आहे. खोटं होईल." आणि नमस्कार करून निघून गेले.

घरात दोन तट पडले. मामा म्हणत, जो एवढं साधं खोटं बोलत नाही तो मोठं खोटं लपवत असतो. बाबा म्हणत, मुलगा खरा आहे, पण घातकी खरा आहे. माझं काय होणार हे या दोघांच्या बोलण्यावर लटकलं होतं आणि मला कोणी विचारत नव्हतं. मला भीती वाटत होती ती वेगळी. आमच्या गल्लीत पिणाऱ्यांची घरं होती. तिथल्या बाया नवऱ्याला विचारत, पिऊन आलास का, आणि तो तोंडाला वास येत असताना नाही म्हणे. त्यांचं पिणं मला सोसता आलं असतं की नाही, सांगता येत नाही. ते नाही म्हणणं मला सोसलं नसतं.

पुढच्या फेरीला ते मिलवर आले तेव्हा बाबा बाजारात गेले होते. कनकीच्या थप्पीजवळ भरदुपारी, हमाल सावलीला बसले असताना, मी त्यांना विचारलं.

"कामाशिवाय कधी प्यायलात?"

त्यांनी परखी पोत्यातून काढली, पुसली.

"हो."

"काय?"

"एल. कारखान्यात ती बनत नाही. पुस्तकात वाचून मीच एकदा बनवली. पाव फुगवायचं खमीर आणलं होतं, ते त्याच जातीचं असतं."

"किती वेळा?"

"एकदाच बनवली."

"प्यायलात किती वेळा, ते विचारते."

 त्यांचे कान लाल झाले होते.

"संपेपर्यंत," ते म्हणाले.

मी बाबांना सांगितलं की मला करायचं आहे. बाबांनी विचारलं, "भरोसा बसला काय तुहा?" मी म्हटलं, "नाही. पण विचारलं की सांगतात." बाबांनी मामांना निरोप धाडला, सोयरीक पक्की करा. लग्नात मामांनी आहेर देताना मुद्दाम जावयाच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज तं नाही दिसत बापा!"

आम्ही कारखान्याच्या गावी राहिलो. रोज संध्याकाळी ते घरी आले की मी विचारत असे, "आज किती?" ते सांगत. कधी दोन घोट, कधी नवीन टाकी उघडली असली तर अर्धा पेला. मी वास घेऊन ताडून पाही. ते उभे राहत, हलत नसत. पुढे पुढे तर मी विसरले तर तेच चपला काढायच्या आधी सांगू लागले. शेजारच्या बाईला ते फार विचित्र वाटे. तिचा नवरा बँकेत होता, तिने कधी त्याला आज किती पैसे मोजले असं विचारलं नव्हतं. मला मात्र त्या उत्तराशिवाय चहा ठेववत नसे. एवढं करूनही माझा संशय गेला नाही. पण त्यामुळे घरात भांडण झालं नाही. तो रोजच्या कामासारखा होऊन गेला होता.

कनकीच्या फेरीला ते दर हिवाळ्यात तुमसरला येत, माझ्या माहेरी उतरत. बाबांच्या थप्पीत खालची पोती आता नवी असत. फेरी संपली की ते चार दिवस आंधळगावला आईवडिलांकडे राहून परत येत. मी त्या दिवसांचं कधी काही विचारलं नाही. तिथे कारखाना नव्हता.

ऐंशीचं दशक संपत आलं आणि ते आजारी पडले. डोळे पिवळे, मग अंग पिवळं. मी त्यांना माहेरी घेऊन आले आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्यासमोर विचारलं, "दारू घेता?"

"बिअर. कामाचा भाग म्हणून. चाखतो, गिळतो."

"घरी?"

"घरी नाही. हिवाळ्यात गावी घेतो."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी स्टुलावर बसले. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना माहीत होतं मी विचारणार.

"गावी म्हणजे?"

"आंधळगावला. कनकीच्या फेरीनंतर."

"मोहाची?"

"छे. एल. कारखान्यातून थोडे जव आणायचो. आपल्याकडे उन्हाळ्यात ती होत नाही, फार तापतं. हिवाळ्यात दिवसाची ऊब बरोबर तिच्यापुरती असते. आईच्या चुलीमागे मडकं ठेवायचो. एका सालची पुढच्या सालापर्यंत मुरवून ठेवायचो. आलो की मागची प्यायची, नवी लावायची."

"दर साल?"

"दर साल."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कारखान्याचं विचारायचीस."

ते खरं होतं. रागावायला जागा मिळेना, म्हणून मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. इतकी वर्षं मी रोज विचारत होते आणि ते रोज खरं सांगत होते, आणि त्यात चुलीमागचं एक मडकं राहून गेलं होतं. सासूबाईंना माहीत असणार. मोहाच्या त्या बाईलाही माहीत असेल.

थोड्या वेळाने मी विचारलं, "चांगली व्हायची?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. कधी आंबट, कधी पातळ. पुढच्या साली होईल असं वाटायचं." मग त्यांनी डोळे मिटले. बोलण्याने त्यांना दम लागत होता.

त्यानंतर त्यांचं बोलणं तुटक होत गेलं आणि मग थांबलं. डॉक्टर म्हणाले, यकृताचं आहे, पाण्यातून झालं की पिण्यातून, आता सांगता यायचं नाही. मामा आता म्हातारे झाले आहेत. ते दारात बसून म्हणाले, "मी पह्यलेच म्हणलो होतो," आणि धोतराने डोळे पुसत राहिले.

दवाखान्यात त्यांनी जे सांगितलं ते सगळं मी खरं धरून चालते. मागचं मडकं, नवं मडकं, आंबट, पातळ, सगळं. फक्त एका उत्तराशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. इतकी सालं, इतक्या निगुतीने, आणि एकदाही नाही? मला वाटतं, एखाद्या हिवाळ्यात ती चांगली झाली असावी. चुलीमागे एकट्याने बसून त्यांनी ती संपेपर्यंत प्यायली असावी. आणि तेवढंच एक त्यांनी मला सांगितलं नसावं.